पहिल्या डब्यातलं पिवळं

कुठल्याही लग्नाचं शूटिंग माझ्यापुढे ठेवा, नवरा-नवरीच्या तोंडावरचा रंग पाहून मी सांगते मंडप कुणाचा होता. सेनगावच्या मंडपवाल्याचं छत गुलाबी, त्याच्याखाली शांत स्वभावाची माणसंही रागावल्यासारखी लाल दिसतात. कुरुंद्याच्या मंडपवाल्याच्या गळ्यात कुणीतरी हिरवं कापड मारलंय, त्यामुळे तिथली नवरी कितीही हसली तरी तिला मळमळतंय असं वाटतं. आणि पुसेगावच्या मंडपवाल्याचं पिवळं. भर दुपारचं ऊन त्या कापडातून झिरपतं आणि सगळ्या वऱ्हाडाला न विचारता हळद लागते. हा पुसेगावचा मंडपवाला म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना बापू म्हणतो.

मी लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करते. सेनगावात आमच्या ह्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत माझा कॉम्प्युटर. फोटोवाले शूटिंग करतात आणि हार्डडिस्क माझ्याकडे आणून टाकतात. लांबचे असले तर जीपवाल्याच्या हाती पाठवतात. एकदा एक अख्खं लग्न ज्वारीच्या पिठाच्या पिशवीतून आलं होतं. मी ते कापते, जोडते, गाणी भरते आणि शेवटी रंग लावते. रंगात माझा हात धरणारं या भागात कुणी नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण लोक कधी सांगतील म्हणून वाट पाहत बसायचा माझा स्वभाव नाही.

रंगाचं काम कसं चालतं ते आधी सांगते, म्हणजे पुढची माझी फजिती नीट कळेल. स्क्रीनवर लहान लहान चौकोन असतात. त्यांना नोड म्हणतात, मी डबे म्हणते. डाव्या बाजूनं चित्र आत शिरतं, एका तारेवरून पहिल्या डब्यात जातं, तिथून दुसऱ्यात, तिसऱ्यात, आणि उजव्या बाजूनं बाहेर पडतं. प्रत्येक डब्याला एकच काम. एक उजेड वाढवतो, एक अंगाचा रंग सांभाळतो, एक शालूचा काठ खुलवतो. डबा माउसनं उचलून दुसऱ्या तारेवर ठेवता येतो, आणि खरी गंमत तिथंच आहे. डबे तेच, पण त्यांची जागा बदलली की चित्र बदलतं. हळद फोडणीत घातली तर भाजीला एक रंग येतो, वरून भुरभुरली तर दुसराच. पुडी तीच असते. हे ज्याला कळलं त्याला माझं अर्धं काम कळलं.

उरलेलं अर्धं म्हणजे नकला काढणं. एका लग्नासाठी डब्यांची ओळ नीट बसली की ती उचलायची आणि दुसऱ्या लग्नावर चिकटवायची. नक्कल दोन प्रकारची असते. एक सुटी, ती काढली की तिचा मूळ डब्याशी संबंध संपला. दुसरी जोडलेली; तिच्यात एकच डबा सगळीकडे बसलेला असतो, एका ठिकाणी हात लावला की बाकीच्या सगळ्या ठिकाणी रंग हलतो. जोडलेली नक्कल आळशी माणसाच्या फार सोयीची. लग्नसराईत मी आळशीच असते. सगळी लग्नं एकाच प्रोजेक्टात कोंबते, डबे जोडून टाकते आणि भाकरी करायला उठते.

माझ्या प्रत्येक ओळीत पहिला डबा मंडपाचा. कापडानं चढवलेला रंग आधी उतरवायचा, बाकीचा साजशृंगार त्यानंतर. सेनगावच्या डब्याचं नाव मी 'गुलाबी' ठेवलंय, कुरुंद्याच्या डब्याचं 'मळमळ'. पुसेगावच्या डब्याचं नाव 'बापू'. पिवळं उतरवायला निळा वाढवावा लागतो. तो किती वाढवायचा हे मी सुरुवातीलाच ठरवलं, आणि पुढे बापूंचं कापड उन्हानं विटत गेलं तसा दरवर्षी थोडा कमी करत आले. पण पुसेगावचं लग्न आलं आणि 'बापू' डबा लावला नाही, असं कधी झालं नाही.

तो डबा मी माझ्याच लग्नावर बनवला. नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा शिकायला दुसऱ्या कुणाचं लग्न कोण देणार? माझ्या लग्नाची कॅसेट सासरी कपाटात होती, ती कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली. मंडप अर्थात बापूंचा, आणि त्या दिवशीचं पिवळं तर सगळ्यात गडद. मला स्वतःचा चेहरा ओळखू येईना. पंधरा दिवस मी त्या पिवळ्याशी झगडले, डबा पुढे घे, मागे घे, दोनचे तीन कर, आणि शेवटी एकदाची माझ्या अंगाच्या रंगाची नवरी बाहेर काढली. त्या दिवसापासून मी बापूंच्या मागे लागले की कापड बदला.

मागे लागले हा शब्द सौम्य झाला. दर फोनला, दर भेटीला माझं तेच. "बापू, तुमच्या कापडानं माझे डोळे जाऊन राहिले," असं मी म्हणायची. ते म्हणायचे, "पिवळं शुभ असतंय माय." फोटोवाल्यांसमोर, गिऱ्हाइकांसमोरही मी बापूंच्या मंडपाची खिल्ली उडवायची. माझ्याच बापाचा मंडप म्हणून मी काहीही बोलू शकते, असा माझा समज होता. हळूहळू ती आमच्या धंद्यातली चेष्टा होऊन बसली. पुसेगावचा मंडप म्हटलं की फोटोवाले एकमेकांना कोपर मारायचे. बापूही हसायचे, म्हणून मला वाटायचं त्यांनाही गंमत वाटते.

यंदाच्या उन्हाळ्यात पुसेगावजवळच्या एका बौद्ध वस्तीतलं लग्न माझ्याकडे आलं. नवरी हिंगोलीला दवाखान्यात नर्स आहे. त्या वस्तीत बापूंचा मंडप पहिल्यांदाच लागणार होता. आधी ते लोक सेनगावहून मंडप आणायचे. पुढच्या पंधरा दिवसांत तिथं आणखी दोन लग्नं होती आणि तीही बापूंकडेच ठरली होती. आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं. बापूंचं वय झालंय, हल्ली तरण्या पोरांचे झगमग मंडप आले की म्हाताऱ्याला कोण विचारतं? त्यांचा सगळा जीव त्या तीन लग्नांत आहे, असं आई म्हणाली होती.

बौद्ध लग्नात नवरा-नवरी पांढरे कपडे घालतात. मिक्सिंगवाल्याची खरी परीक्षा तिथं असते. शालूचा रंग थोडा इकडेतिकडे झाला तर खपून जातो, मूळ कसा होता ते कुणाला आठवत नाही. पांढरं कसं असतं ते मात्र लेकरालाही ठाऊक असतं. मी अशी पुष्कळ लग्नं केली होती, पण सगळी उघड्यावरची किंवा हॉलमधली. पिवळ्या मंडपाखालचं पांढरं लग्न माझ्याकडे पहिल्यांदाच येत होतं आणि मला त्याची धास्ती अजिबात नव्हती. माझ्याकडे 'बापू' डबा होता.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सेनगावचा फोटोवाला डिस्क घेऊन आला. घरच्यांना दुपारपर्यंत दोन मिनिटांचा व्हिडिओ हवा होता, मोबाइलच्या स्टेटसला ठेवायला. मी डब्यांची ओळ उचलली, 'बापू' सगळ्यात पुढे, बाकीचे मागे, आणि सगळ्या तुकड्यांवर एका झटक्यात जोडून टाकली. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या तोवर व्हिडिओ तयार होऊन गेलाही. मी तो धड पाहिला नाही. दहा वर्षं बसलेल्या हाताला काय पाहायचंय, असं वाटलं.

दुपारी फोटोवाल्याचा फोन आला.

"ताई, नवरीकडून तक्रार हाये. सगळे निळे दिसून राहिले म्हणे."

"निळे? काहून?"

"ते मी काय सांगू? नवरी म्हणली, लग्नाच्या दिवशी मी आजारी न्हवते."

मी मोबाइलवर व्हिडिओ उघडला. नवरीची साडी नीळ जास्त झालेल्या धोतरासारखी दिसत होती. चांगली तरतरीत, सावळी पोरगी, तिच्या तोंडावर राख फासल्यासारखं झालं होतं. प्रतिमांपुढच्या मेणबत्त्यासुद्धा गारठल्या होत्या. आणि हा व्हिडिओ तोवर सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर फिरून आला होता.

"मग तुम्ही काय सांगितलं त्यांना?" मी विचारलं.

"सांगितलं की पुसेगावच्या मंडपाचं कापडच तसं हाये. तुमीच म्हणता ना."

"बराबर सांगितलं," मी म्हणाले. हा शब्द आज आठवला तरी मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यानंतर लगेच मी बापूंना फोन लावला. "बापू, किती वर्षांपासून सांगून राहिले कापड बदला म्हणून. आता बघा काय झालं ते. पोरीचं तोंड राखेवानी आलंय. लोक नावं ठेवून राहिले."

बापू म्हणाले, "कापडानंच झालं का?"

"मग कशानं? माझं मशीन खोटं बोलतंय का?"

"न्हाई, न्हाई. तुझ्या मशीनला दिसलं म्हंजे तसंच असंल," ते म्हणाले आणि फोन ठेवला. पिवळं शुभ असतं, हे त्या दिवशी ते म्हणाले नाहीत. मला ते खटकलं, पण माझा राग मोठा होता, त्याखाली ते दबून गेलं.

पुढचे दोन दिवस मी त्या लग्नाशी कुस्ती खेळले. निळं कमी करायला नारिंगी रंगाचा एक डबा मागे जोडला. तोंडं सुधारली, पण साडी चहात बुडवून काढल्यासारखी झाली. अंगाच्या रंगाचा डबा उचलून पुढे आणला, तर मेणबत्त्या लाल झाल्या. एकाचे दोन डबे केले, एक साडीसाठी, एक तोंडासाठी, तर पदर जिथं गालाला लागतो तिथं रेघ दिसायला लागली. तारा इतक्या झाल्या की स्क्रीनवर गुंता उठला. साडी धरली की तोंड जायचं, तोंड धरलं की साडी.

मधेच एकदा मी 'बापू' डब्यालाही हात लावला. निळा थोडा खाली ओढला तसं चित्र सुधारलं. मी खूश होणार तेवढ्यात आठवलं की हा डबा जोडलेला आहे. महिन्यापूर्वीचं पुसेगावचंच एक लग्न त्याच प्रोजेक्टात द्यायचं राहिलं होतं. ते उघडून पाहिलं, तर तिथली सगळी पंगत पिवळी धमक. तेलही गेलं, तूपही गेलं. मी घाईघाईनं निळ्याचा काटा होता तिथं नेऊन ठेवला. त्या दुसऱ्या लग्नात डबा चोख काम करत होता, म्हणजे डबा बरोबर. मग चूक फोटोवाल्याचीच, असा निकाल मी दिला. त्याला फोन करून चांगलं झाडलं. नाचता येईना अंगण वाकडं, असंही सुनावलं.

"ताई, क्यामेरा तोच, मीबी तोच," तो बिचारा म्हणत राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आमचे हे चहा घेऊन आत आले. माझ्या स्क्रीनवरचा गुंता त्यांनी पाहिला. हे फारसं बोलत नाहीत, दिवसभर लोकांचे फुटलेले मोबाइल पाहून त्यांचं बोलणं आटलंय. तरी म्हणाले, "मी मोबाइल दुरुस्त करताना आधी सगळं काढतो, मग एकेक लावतो. तू नुसती लावूनच राहिली."

"तुम्हाला यातलं काय कळतं?" मी म्हणाले. ते हसून बाहेर गेले. त्यांचं काउंटरवर कुणाशी बोलणं सुरू झालं तेव्हा मी गुपचूप डबे बंद करायला लागले.

शेवटापासून सुरुवात केली. नारिंगी बंद. साडीचा बंद, तोंडाचा बंद. उजेडाचा बंद. प्रत्येक डबा बंद झाला तसं चित्र आणखीच गारठत गेलं. शेवटी एकटा 'बापू' उरला. पुसेगावच्या लग्नात तो डबा बंद करायचा म्हणजे काय होतं हे मला ठाऊक होतं, पिवळा पूर येतो. तरी आता करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून मी तोही बंद केला.

साडी पांढरी होती. नुसती पांढरी, पदराच्या निऱ्या मोजाव्यात इतकी स्वच्छ. नवरीचं तोंड तिच्या स्वतःच्या सावळ्या रंगाचं होतं आणि त्यावर घामाचं हलकं तेज होतं. मी काहीही केलं नव्हतं आणि चित्र दृष्ट लागण्यासारखं होतं. मग मी वर पाहिलं, नवरीच्या डोक्यावर. छत पांढरं होतं. नवं कोरं, दुकानातल्या घडीच्या रेघा अजून त्यात दिसत होत्या.

हे छत मी दोन दिवस पाहतच होते. पण दहा वर्षं बापूंचं पिवळं कापड मी डब्यातून पांढरट करूनच पाहत आले. मग खरं पांढरं आलं, तेव्हा त्याचं निळसर दिसणंही मला बाकीच्या बिघडलेल्या चित्रासारखंच वाटलं. लग्न कॉम्प्युटरमध्ये घातलं की आधी डबा लावायचा आणि मग पाहायचं, ही माझी पद्धत. कापड कसं आहे हे पाहायच्या आधीच मी ते पुसत होते.

मी आईला फोन लावला. "आई, बापूंनी कापड बदललं?"

"व्हय की. पंधरा दिस झाले. हिंगोलीहून आणलं."

"मला काहून सांगितलं न्हाई?"

"त्यायनीच सांगू दिलं न्हाई. म्हणले, पोरगी इतकी वर्सं म्हणून राहिली. वस्तीतल्या लग्नाला पांढरंच शोभतंय. तिला व्हिडिओत दिसंल, मंग ती आपून फोन करंल."

मी फोन केला होता. कसा केला होता ते आईला माहीत होतं. मग तिनं बाकीचं सांगितलं. वस्तीतल्या पुढच्या दोन्ही लग्नांचे निरोप कालच आले होते, मंडप नको म्हणून. बापूंनी पांढरं कापड पोत्यात भरलं होतं. उद्या सकाळच्या गाडीनं ते हिंगोलीला नेऊन दुकानदाराला परत घेतो का विचारणार होते. बांबू विकून टाकू, असंही जेवताना म्हणाले होते.

मला लाज वाटली. ती लपवण्यात अर्थ नाही. माझ्या चुकीमुळे बापूंचा धंदा बसत होता, वरून मीच त्यांना फोन करून चार शब्द सुनावले होते, आणि त्या माणसानं माझ्या मशीनवर विश्वास ठेवून आपल्या नव्या कापडावर संशय घेतला होता. पण लाज वाटून घेत बसणं हेही माझ्या स्वभावात नाही. मी प्रोजेक्टातून त्या लग्नाची सुटी नक्कल काढली. 'बापू' डबा उडवला, तार सरळ दुसऱ्या डब्याला जोडली, दोन मिनिटांचा व्हिडिओ नव्यानं तयार केला. या वेळी तो तीनदा पाहिला, आणि कुकर त्यानंतर लावला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं मी पुसेगावला गेले. सगळा प्रोजेक्ट उतरवून घेतलेला लॅपटॉप मांडीवर होता. बापू अंगणात पोत्याला सुतळी बांधत होते.

"सोडा ते," मी म्हणाले. "अन् चला माझ्यासंगं वस्तीत."

"कशाला आता? झालं ते झालं."

"झालं न्हाई. चूक माझी हाये. कापड चांगलं हाये तुमचं."

बापूंनी माझ्याकडे पाहिलं, मग पोत्याकडे. "तू म्हणलीस ना, मशीन..."

"मशीन बराबर हाये. मी चुकले."

माझ्या तोंडून हे वाक्य त्यांनी जन्मात ऐकलं नसावं. ते उठले, चपला घातल्या आणि माझ्या मागे निघाले.

नवरी त्या दिवशी माहेरीच होती. लग्नाचा सगळा कारभार तिच्या मामांनी पाहिलेला, तेही होते. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा जरा आवळला, पण बसा म्हणाले, पाणी दिलं. मी लॅपटॉप खुर्चीवर ठेवला आणि आधी जुना, निळा व्हिडिओ लावला. घरातली माणसं गोळा झाली. मग नवा लावला. नवरी खुर्चीजवळ येऊन खाली बसली.

"हा निळा रंग मी चढवलेला," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "मंडपाचा न्हाई. यांचं जुनं कापड पिवळं होतं, मी न बघता त्याच्या हिशेबानं रंग लावला. यांनी तुमच्या लग्नासाठी नवं पांढरं आणलं. ते असं होतं, आत्ता दिसून राहिलं तसं. फोटोवाल्यानं तुम्हाला जे सांगितलं ते माझंच ऐकून सांगितलं."

मामांनी बापूंकडे पाहिलं. "मंग बापू, तुमी काहून बोलले न्हाई? आमी निरोप धाडला तवा तरी बोलायचं."

"पोरगी शिकलेली हाये," बापू म्हणाले. "तिच्या मशीनला दिसलं म्हणली. म्या म्हणलं, असंल. आपल्याला रंगातलं काय कळतंय?"

माझ्यानं बापूंकडे पाहवलं नाही. नवरी म्हणाली, "आता मी मीच दिसून राहिले. आईनं साडी निवडायला चार दुकानं पालथी घातली होती." तिनं तो व्हिडिओ लगेच मोबाइलवर मागून घेतला आणि जुन्याच्या जागी ठेवला. मामांनी बाहेर जाऊन दोन फोन केले. एका लग्नाचं सेनगावच्या मंडपवाल्याशी पक्कं झालं होतं, ते परत येणार नव्हतं. दुसरं परत आलं. बापूंना तेवढं पुष्कळ होतं. घरी येताना रस्ताभर ते त्या लग्नाला छत किती उंच बांधायचं हेच सांगत होते.

संध्याकाळी चहा झाल्यावर बापूंनी पोत्याची सुतळी सोडली. मग माझ्याजवळ येऊन बसले. लॅपटॉप उघडाच होता, त्यावर ते द्यायचं राहिलेलं लग्न. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या डब्यावर बोट ठेवलं.

"ह्याच्यावर माझं नाव काहून हाये?"

मी सांगितलं. पिवळं कसं चढतं, तो डबा ते कसं उतरवतो, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे म्या बांधायचं अन् तू काढायचं," ते म्हणाले.

"व्हय."

"दर लग्नात?"

"दर लग्नात, बापू."

ते रागावले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुझ्या लग्नातलंबी काढलं का?"

माझं लग्न त्या लॅपटॉपमध्ये होतं. मी ते उघडलं. माझ्या अंगाच्या रंगाची नवरी, तिच्या डोक्यावर फिकट, कुठल्याच रंगाचं नसलेलं छत. माझ्या हातचं ते पहिलं चांगलं काम, मला त्याचा आजवर अभिमान होता. बापू चष्मा वरखाली करून पाहत राहिले. तेव्हा मी 'बापू' डबा बंद केला.

पिवळं एकदम भरून आलं. मी पिवळी, आई पिवळी, रुखवतातली भांडी पिवळी, बांबूला टेकून उभा असलेला तरणा बाप पिवळा. बापू पुढे वाकले.

"हां," ते म्हणाले. "हे बराबर हाये. नवं होतं हे कापड. तुझ्या लग्नासाठी आणलं होतं. पयल्यांदा तुझ्यावरच बांधलं."

ते सगळ्यात गडद का होतं, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. त्याच्यावर तोवर कुणाच्याच लग्नाचं ऊन पडलेलं नव्हतं. बापू आईला हाक मारून बोलावत होते, इकडं ये, हे बघ म्हणत होते.

मी त्या लग्नाची एक नक्कल काढली, तिच्यातून पहिला डबा काढून टाकला आणि ती त्यांच्या मोबाइलमध्ये घालून दिली. नक्कल सुटी काढली. पुढे कधी माझा हात चुकला, तरी त्यांच्या पिवळ्याला आता धक्का लागणार नाही.